अप्पांच्या यादीत मीच ठेवलेली फट

वयाच्या साठाव्या वर्षी मी पहिलं दुकान फोडलं. दुकान खोटंच होतं. फोडायला शिकावं म्हणून कुणीतरी इंटरनेटवर मांडून ठेवलेलं. तरी ते फोडायला मला तीन दिवस लागले. फुटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच अशी काही ओरडले की शेजारच्या वहिनी "काय गं, भाजलं का?" करत धावत आल्या. त्यांना काय सांगणार? म्हटलं, कोडं सुटलं. "एवढंच ना," म्हणून त्या परत गेल्या.

आधी माझी ओळख देते, नाहीतर एक रिटायर बाई भलत्या धंद्याला लागली असं वाटायचं. मी तीस वर्षं कर्जतमध्ये कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिले. कुठल्या कंपनीत नाही, बाजारपेठेतल्या एका गाळ्यात बसून. भातगिरणीवाले, रोपवाटिकावाले, खोपोलीचे टेंपोवाले, खालापूरकडचे फार्महाऊसवाले, ज्याला जे हवं ते. कर्जतमध्ये मला प्रोग्रॅमवाली म्हणत. नवऱ्याचं आडनाव इतकं विस्मरणात गेलं होतं की एका लग्नपत्रिकेवर चक्क 'श्री. व सौ. प्रोग्रॅमवाले' असं आलं. ती पत्रिका नवऱ्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि सहा महिने मला चिडवलं.

मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारा तिसरा असतो. माझ्याकडे तिन्ही मीच. तक्रार आली की दोन मार्ग असतात: प्रोग्रॅम दुरुस्त करायचा, नाहीतर माणूस. खरं सांगते, मी बहुतेक वेळा माणूस दुरुस्त केला. पोशीरच्या एका गिरणीवाल्या शेठचं उदाहरण सांगते. त्यांच्याकडे लोक भाताची पोती टाकून जात आणि नाव सांगत नसत. 'वरच्या आळीतला, ज्याचा बैल मेला तो', अशी ओळख. माझा प्रोग्रॅम नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसे. शेठनी युक्ती काढली, नावाच्या जागी नुसतं टिंब टाकायचं. महिन्याभरात टिंब नावाची चाळीस गिऱ्हाइकं झाली आणि कुणाचा तांदूळ कुणाला हे कळेना. मी गेले, शेठना समोर बसवलं आणि बजावलं, "टिंब टाकायचं नाही." ते म्हणाले, "बाय, तुमी सांगाल तसं." मी चहा पिऊन परत आले. त्यांना ओळखीसाठी एक वेगळी जागा करून द्यावी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट माझं गिऱ्हाईक किती शहाणं, असंच वाटलं.

आता दुकान फोडण्याची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरी करते. तिचं काम म्हणजे परवानगी घेऊन चोरी करणं. कंपन्या सांगतात, आमची साइट फोडून दाखव. ती फोडते आणि कुठून फोडली ते लिहून देते. यंदा गणपतीला ती आमच्याकडे आली होती. मी गाळा बंद केल्यापासून वर्तमानपत्रातली आकडेकोडी सोडवत बसते, हे पाहून म्हणाली, "आत्या, हे काय बायकांसारखं?" मी म्हटलं, "मग काय पुरुषांसारखं सोडवू?" तशी तिने माझ्या लॅपटॉपवर सरावाची एक प्रयोगशाळा उघडून दिली. "पहिली पायरी आहे. कॉलेजातली पोरं दहा मिनिटांत सोडवतात." हे शेवटचं तिने मुद्दाम टाकलं होतं. कुठे काडी लावली की मी पेटते हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या प्रयोगशाळेत भेटवस्तूंचं एक खोटं दुकान होतं. वर वस्तूंचे प्रकार, आणि प्रकार निवडला की खाली त्या वस्तू. काही वस्तू मात्र अजून विक्रीला काढलेल्या नव्हत्या, त्या दडवलेल्या. त्या दिसायला लावायच्या, एवढंच काम.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना हे सोपं करून सांगते. माहितीचा साठा म्हणजे एक कोठीघर समजा. त्यावर एक कोठीवाला बसलाय, अत्यंत आज्ञाधारक आणि अक्कल शून्य. प्रोग्रॅम त्याला चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठी आधीच लिहून तयार असते, फक्त एक जागा कोरी: 'ज्या वस्तूंचा प्रकार अमुक आहे आणि ज्या विक्रीला काढल्या आहेत, तेवढ्या आण.' ते 'अमुक' गिऱ्हाइकाने भरायचं. गिऱ्हाइकाचा शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळावं म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना एक छोटी उभी खूण असते, एकेरी अवतरणचिन्हाची. खुणांच्या आतलं बोलणं गिऱ्हाइकाचं, बाहेरचा हुकूम मालकाचा.

आता गिऱ्हाइकाने त्या कोऱ्या जागेत तीच खूण लिहिली तर? कोठीवाल्याला वाटतं, याचं बोलणं संपलं. पुढे जे काही लिहिलं असेल ते तो मालकाचा हुकूम समजून पाळतो. मग पुढे लिहायचं, 'किंवा एक बरोबर एक असेल तर'. एक बरोबर एक तर कायमच असतो, म्हणून तो कोठीतलं सगळं आणून ओततो. आणि शेवटी दोन आडव्या रेघा मारायच्या. त्याचा अर्थ, इथून पुढचं वाचू नकोस. म्हणजे विक्रीला काढल्याची मूळ अट राहतेच बाजूला. झालं, एवढीच ती चोरी.

हे आता सांगायला सोपं आहे. पहिला दिवस मी नुसती पानं उलटत बसले, कारण त्या दुकानात लिहायला कुठे जागाच दिसेना. मग लक्षात आलं की प्रकार निवडला की त्याचं नाव वर पत्त्याच्या पट्टीत उमटतं. कोरी जागा तिथे होती, अगदी उघड्यावर, आणि मी मेली खाली शोधत होते. दुसऱ्या दिवशी तिथे ती खूण टाकली आणि पान मोडलं. आत काहीतरी बिघडलंय असा संदेश आला. तीस वर्षं असा संदेश दिसला की मी गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकायच्या तयारीला लागायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच हसू आलं. तिसरा दिवस गेला त्या दोन रेघा न सुचण्यात. सुचल्या आणि दडवलेल्या वस्तू धडाधड पानावर आल्या, वर अभिनंदनाची पट्टी आली, आणि शेजारच्या वहिनी आल्या.

ऋतुजाला लगेच फोन लावला. तोवर ती पुण्याला परतली होती.

"किती वेळ लागला?"

"तीन दिवस. हसू नकोस."

"हसत नाही गं, भारी आहेस तू." मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आत्या, तुझ्या प्रोग्रॅममध्ये तू चिठ्ठी कशी लिहायचीस? गिऱ्हाइकाचा शब्द आहे तसा जोडून?"

"मग काय! आम्हाला तसंच शिकवलेलं."

तिने लगेच विचारलं, "त्यातले अजून चालू किती आहेत?"

मी मोजायला लागले. पोशीरच्या गिरणीत आता नातू बसतो, त्याने दुसरा प्रोग्रॅम घेतला. रोपवाटिका बंद पडली. फार्महाऊसवाले आणि टेंपोवाले सगळं फोनवरच करतात. मोजून एक उरला, दहिवलीच्या अप्पांचा. आणि हातातला फोन मला एकदम जड वाटायला लागला, कारण अप्पांच्या प्रोग्रॅममध्ये भेटवस्तू नाहीत, माणसं आहेत.

अप्पा पोस्टमन होते. टपाल वाटता वाटता अख्खा तालुका त्यांच्या पायाखालून गेलेला, कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे आणि कुठल्या घरात काय दुखणं आहे हे त्यांना घरातल्या माणसांइतकंच माहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी दहिवलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ काढलं. त्यांची कामाची एक रीत होती. नोंदवहीत प्रत्येक नावापुढे एक शेवटचा रकाना, शेरा. 'मुलीला लहानपणी फिट येत, आता नाही.' 'पहिलं लग्न तीन महिन्यांत मोडले, दोष मुलाचा.' 'आईच्या अंगावर कोड आहे.' हे ते वहीत लिहून घेत आणि गोष्ट पक्की ठरायला आली की समोरच्या पक्षाला बाजूला घेऊन स्वतःच्या तोंडाने सांगत. ते म्हणत, "लपवून लगीन लावायचं नाय, आन कुनाचं गावभर करायचं नाय. ह्या खोलीत बोललेलं ह्या खोलीतच ऱ्हाईल." या एका शब्दावर लोक त्यांना जे आईबापाला सांगणार नाहीत ते सांगत.

वीस-बावीस वर्षांपूर्वी ती वही मी कॉम्प्युटरवर घेतली. शेऱ्याचा रकाना फक्त अप्पांना दिसेल असा केला. शिवाय एक 'गुप्त'ची टिक दिली. काही जण म्हणत, आमचं नाव सगळ्यांना दाखवू नका, तुम्हीच बघून सुचवा. कुणी विधवा, कुणी सोडलेली. त्या नावापुढे टिक केली की ते नाव लोकांच्या यादीत येत नसे. टिक करायचा पासवर्डही फक्त अप्पांचा.

महिन्याभरात अप्पांचा फोन आला. "शुभे, तुझा संगणक पोरीची उंची आयकली का बेशुद्ध पडतो."

मी गेले. ते एका बोटाने उंची टाकत होते, पाच, मग फुटाची ती छोटी उभी खूण, मग चार. आपल्याकडे फूट असंच लिहितात ना! खूण टाकली की प्रोग्रॅम आडवा. मी काय केलं असेल? माणूस दुरुस्त केला. "अप्पा, खूण टाकायची नाही. फूट आणि इंच अक्षरांत लिहा." जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या डोक्यावर चिकटवलं: 'उंचीला खूण घालू नये'. अप्पांनी ते पोस्टातल्या हुकुमासारखं पाळलं. आपल्याकडच्या नावांत, आडनावांत, गावांत ती खूण कुठे येतच नाही. त्यामुळे पुन्हा कधी तक्रार आली नाही, आणि माझा प्रोग्रॅम कसा पक्का आहे हे मी चार लोकांना सांगत सुटले. फोडलेल्या खोट्या दुकानासमोर बसून मला हे सगळं आठवलं. त्या दिवशी अप्पांच्या बोटाखाली जे दिसलं ती हीच फट होती, आणि मी वर पुठ्ठा लावून आले होते.

वर आणखी एक दिवा मी लावला होता. करोनात मेळावे बंद झाले तेव्हा अप्पा म्हणाले, सगळं इंटरनेटवर टाक, लोकांना घरी बसून यादी बघू दे. मी टाकलं. रंगरूप बदललं, आतल्या चिठ्ठ्या होत्या तशाच. म्हणजे अप्पांच्या खोलीतलं सगळं बोलणं आता जगाच्या वेशीवर टांगलेलं होतं, आणि मधे होती ती एक खूण. त्या यादीतल्या कितीजणी आज आया झाल्या असतील. कुणाच्या घरी लहानपणच्या फिटचं कुणाला ठाऊकही नसेल.

हे सगळं फोनवर सांगता सांगता मी "बघतेच आता" म्हणून लॅपटॉप ओढला तशी ऋतुजा किंचाळली, "आत्या, हात लावू नकोस! दुसऱ्याच्या साइटवर हे करणं गुन्हा आहे."

"मीच लिहिलीय की."

"लिहिलीस तू. माहिती त्यांची आहे. आधी परवानगी घे, आणि लेखी घे."

म्हणून मी रविवारी सकाळी टाइप केलेलं पत्र घेऊन दहिवलीला गेले. पुढचं सांगण्याआधी मंगलबद्दल सांगायला हवं. मंगल ही अप्पांची एकुलती एक मुलगी, खालापूर तालुक्यात ग्रामसेविका आहे. वही कॉम्प्युटरवर घेतली तेव्हा पहिला महिनाभर सगळी नावं तिनेच टाइप केली, आणि तेव्हापासून आमची मैत्री. तेव्हा ती अठ्ठावीसची होती, आता पन्नाशीची आहे. तिचं लग्न झालं नाही. हे मी तिच्या परवानगीने लिहिते आहे, तीही लेखी.

अप्पांनी किती लग्नं जुळवली ते कुणी मोजलं नाही, पण घरचं एक जुळलं नाही हे मात्र सगळा तालुका मोजत होता. मंडळाचा त्यांनीच घातलेला एक नियम होता: मंडळ चालवणाऱ्याने आपल्या घरचं स्थळ स्वतःहून सुचवायचं नाही. मुलीचं नाव यादीत आहे, लोकांनी बघावं, विचारावं. यादी लोकांच्या हातात देताना ते तिच्यात डोकावतही नसत, मोह नको म्हणून. कुणीच विचारलं नाही. त्यांनीच मला किती वेळा म्हटलंय, "शुभे, लोकांच्या पोरी उजवल्या, माझी तशीच ऱ्हायली. माझं काय चुकलं गं?"

त्या दिवशी अप्पांनी माझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं.

"म्हंजे माझ्याच घरात चोरी कराया मी सही देऊ?"

"हो, अप्पा."

"आन चोर कोण?"

"मी."

"मग आन इकडं. वळखीचा चोर बरा." आणि त्यांनी पोस्टातली ती लांबलचक सही केली.

बाहेर पडवीत मंगल स्कूटर धूत होती. रेडिओवर काहीतरी चालू होतं. मी अप्पांच्या कॉम्प्युटरवर घरी बसून यादी बघणाऱ्या कुणालाही दिसतं ते पान उघडलं. मुलगी की मुलगा, वय, आणि गावाची कोरी जागा. आधी साधं 'पोशीर' टाकून दाखवलं. सात-आठ नावं आली, शेरा नाही, काही नाही. "बराबर हाय," अप्पा म्हणाले. मग मी ती खूण टाकली, एक बरोबर एक लिहिलं, दोन रेघा मारल्या आणि बटण दाबलं. मनात म्हणत होते, देवा, काही होऊ देऊ नकोस, माझी भीती खोटी ठरू दे. आणि लाज वाटते सांगायला, पण मनाच्या एका कोपऱ्यात उत्सुकता होती, जमतंय का बघू.

जमलं. पान खाली खाली जात राहिलं. सगळ्या गावांची नावं, टिक केलेलीही, आणि उजव्या कडेला शेरे. टिक केलेलं नाव आलं म्हणजे बघणारे अप्पाच, असं समजून पानाने फक्त त्यांच्यासाठीचे रकानेही उघडावेत, ही अक्कलही माझीच.

अप्पा पुढे वाकले. ओठ हलवत एक शेरा वाचला, मग दुसरा. "हे तर माझं लिवलेलं हाय." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हे कुनालाबी दिसंल?"

"ज्याला ही युक्ती ठाऊक आहे त्याला. कुठूनही."

"कवापासून?"

"करोनापासून, अप्पा. चूक माझी आहे. अगदी माझीच."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी लोकांना शब्द दिलावता गं," एवढंच म्हणाले. तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला टाकून बोललेलं पुष्कळ आहे, एकाने तर कॉम्प्युटर रिक्षात घालून माझ्या दारात आणून टाकला होता. पण त्या एका वाक्याने मला जे मेल्याहून मेल्यासारखं झालं, तसं कधी झालं नव्हतं.

पुढे काय काय केलं ते इथेच सांगून टाकते. साइट त्याच दुपारी बंद केली. ऋतुजाला शेजारी बसवून, म्हणजे फोनवर, आठवडाभरात सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. आता गिऱ्हाइकाचा शब्द वेगळ्या पाकिटातून जातो, त्यात त्याने काहीही लिहिलं तरी कोठीवाला ते हुकूम म्हणून वाचत नाही. शेऱ्यांचा रकाना अप्पांनी पुसूनच टाकायला लावला. आधी कुणी आत शिरलं होतं का हे ऋतुजाने तपासलं. तसं काही सापडलं नाही, पण साइटच्या नोंदी तीनच महिने मागच्या होत्या. त्यामुळे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. रात्री मधेच जाग आली की अजून तोच विचार येतो.

त्या सकाळी मात्र साइट बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं.

"थांब. ह्यो काय हाय?"

त्यांचं बोट पडद्यावर एका ओळीवर होतं. मंगलचं नाव. दहिवली. त्यापुढे 'गुप्त'ची टिक. आणि शेरा: 'सध्या थांबावे.'

मला क्षणभर काही कळेना, आणि मग एकदम सगळंच कळलं असं वाटलं. म्हणजे नाव कधी कुणाला दिसलंच नव्हतं. बावीस वर्षं! लोक विचारत नव्हते कारण यादीत ती नव्हतीच. आणि टिक करणारा माणूस एकच. मंगलची आई तेव्हा आजारी, घरात दुसरं कुणी नाही, मुलगी गेली तर भाकरी कोण थापणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अप्पा, हे तुम्ही केलंत?"

"मी नाय."

"पासवर्ड तुमचा. दुसऱ्या कुणाला ही टिक करताच येत नाही, मीच तसं केलंय." माझा आवाज चढला होता. "आणि वर मलाच विचारत होतात, माझं काय चुकलं म्हणून?"

"देवाशप्पत मी नाय केलं, शुभे." त्यांनी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. "माझ्या पडद्यावं तिचं नाव रोज दिसायचं. मी बघायचो. नाव तर व्हतं."

नाव होतंच. त्यांच्या पडद्यावर सगळीच नावं दिसत. टिक मात्र ओळीच्या पार शेवटी, पान उजवीकडे सरकवलं तरच दिसणारी. तिला तिथे मीच बसवली होती, जागा पुरत नव्हती म्हणून. अप्पा पान कधी सरकवत नसत, आणि शेरा तर नाव उघडल्यावरच दिसे; मंगलचं नाव उघडायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी नुसती त्यांच्यावर ओरडत होते, ऐंशी ओलांडलेल्या माणसावर.

"त्यांना बोलू नकोस, ताई. ती टिक माझी आहे."

मंगल दारात उभी होती. हातात ओलं फडकं, कोपरापर्यंत साबणाचा फेस. बाहेरचा रेडिओ तिने कधी बंद केला ते कळलं नाही.

"पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असायचा," ती म्हणाली. "नावं टाइप करत होते तेव्हा अप्पा म्हणाले, तुझंपण टाक. टाकलं. मग टिक केली, आणि शेराही मीच लिहिला."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. "तू?"

"नोकरी नुकती लागली होती, अप्पा. म्हटलं, सहा महिने कुणी बघायला यायला नको. सहा महिन्यांनी काढीन. मग स्कूटर घेतली, गावोगाव फिरायला लागले, लोक मला विचारून कामं करायला लागले. मला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. टिक काढायचा दिवस आलाच नाही. लग्न करायचंच नाहीये हे मला हळूहळू कळलं. दुसरं कुणी मनात होतं असंही काही नाही."

"आन मी?" अप्पांचा आवाज फुटला. "मी बावीस वर्सं रोज जीव जाळत व्हतो. वाटायचं, तुझ्या आयच्या दुखन्यामुळं लोक दचकतात. वाटायचं, पोस्टमनची पोर म्हनून विचारीत नायत. लोकांच्या मांडवात अक्षता टाकताना मान वर करीत नव्हतो मी, मंगल."

मंगल खाली त्यांच्या खुर्चीजवळ बसली. फडकं अजून हातातच होतं, त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. "माझं चुकलं. तुमचं तोंड बघितलं की रोज वाटायचं, आज सांगू. खरंच चुकलं माझं."

"मग बोलायचं व्हतं गं. मी काय तुला मारलं असतं? बाकी सगळ्या तालुक्याचं मी ह्या खोलीत आयकलं. तुझं नसतं आयकलं?"

"कसं सांगणार होते?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली. "नाव टाकताना मी सगळा फॉर्म वाचला होता, अप्पा. रंग विचारलाय, शिक्षण विचारलंय, देवक विचारलंय, अपेक्षा काय ते विचारलंय. लग्न करायचंय का, असं कुठेच विचारलेलं नाही. त्यात तसा रकानाच नव्हता."

पडद्यावर ती सगळी नावं तशीच उघडी पडली होती. अप्पांनी मांडीवरचा चष्मा उचलला, डोळ्यांना लावला, मंगलच्या नावाची ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून माझ्याकडे वळले.

"शुभे, ह्यो फारम कुनी बनवलावता?"

"मी, अप्पा," मी म्हटलं.